युद्धाची बातमी आणि सरकारचा शब्द : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षानंतर वाचकांची पत्रं सतत येत आहेत. काहींना सरकारवर संशय घेणाऱ्यांचा राग आहे, काहींना सरकारचा. निवडक आठ पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझे दोन्ही मुलगे सैन्यात आहेत. ‘सरकारने युद्धाबद्दल खरं सांगावं’ असा आग्रह धरणाऱ्यांचा मला राग येतो. सगळं उघड केलं तर जीव आमच्या मुलांचा जातो. याचा विचार कोण करणार? (एक आई, सातारा जिल्हा)

तुम्ही मुलांना पत्र पाठवता तेव्हा पाकिटावर गावाचं नाव लिहीत नाही. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि खाली ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’, म्हणजे लष्करी टपाल कार्यालय. पत्र सियाचिनला जाणार की राजस्थानात, हे पाकीट हातात पडलेल्या माणसाला कळत नाही. ही गुप्तता हवीच. तिने कुणाची फसवणूक होत नाही, कारण पत्ता लपवलेला आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

गुप्तता मोडली की काय होतं ते मुंबईने पाहिलं आहे. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात वाहिन्यांवरचं थेट प्रक्षेपण बघून पलीकडचे सूत्रधार अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. कसाबच्या अपिलावरच्या २०१२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना त्याबद्दल कडक शब्दांत सुनावलं. आता केबल टेलिव्हिजनच्या नियमांत ६(१)(पी) हे कलम आहे : दहशतवादविरोधी कारवाई संपेपर्यंत थेट प्रक्षेपण नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी देईल तेवढीच माहिती. पहलगामच्या हल्ल्यानंतर २६ एप्रिल २०२५ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना याचीच आठवण करून दिली. या नियमाला आमचा पूर्ण पाठिंबा आहे.

आमची हरकत सुरू होते ती गप्प राहण्याच्या जागी वेगळंच काही सांगितलं जातं तिथे. ११ मे २०२५च्या पत्रकार परिषदेत विमानांच्या नुकसानीबद्दल विचारलं गेलं, तेव्हा एअर मार्शल ए. के. भारती यांनी सांगितलं की नुकसान हा लढाईचा भागच असतो, आपले सगळे वैमानिक घरी परतले आहेत, आणि तपशील आत्ता देता येणार नाही. हे प्रामाणिक उत्तर आहे. काही लपवलं जातंय हे त्यात उघडपणे सांगितलं होतं आणि काहीही खोटं नव्हतं. ३१ मे रोजी संरक्षण दलप्रमुख अनिल चौहान यांनी सिंगापूरमध्ये विमानं गमावल्याचं मान्य केलं, आकडा सांगितला नाही आणि सहा विमानं पाडल्याचा पाकिस्तानचा दावा साफ नाकारला. आम्हाला खटकलं ते ठिकाण. ही गोष्ट देशाला परदेशातल्या मुलाखतीतून कळायला नको होती, ती आधी आपल्या संसदेत सांगायला हवी होती. जुलैच्या अखेरीस लोकसभेत चर्चा झाली, तेव्हाही आकडा आला नाही.

तुमच्या मुलांच्या दृष्टीने बघा. अधिकृत निवेदनावर लोकांचा विश्वास असेल तर युद्धाच्या रात्री सैनिकाच्या घरचे त्या निवेदनाची वाट बघतात. तो उडाला की ते कुठल्याही ग्रुपवरची कुठलीही यादी खरी मानतात, आणि अशा रात्री ती यादी नेमकी येते.

प्रश्न : मोबाइलवर आलेला युद्धाचा व्हिडिओ खरा की खोटा, हे घरच्या घरी तपासता येतं का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे)

बहुतेक वेळा येतं, आणि दहा मिनिटांत येतं.

आधी व्हॉट्सअॅपवर दोन बाणांची खूण बघा. ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ याचा अर्थ तो संदेश तुमच्यापर्यंत येण्याआधी किमान पाच हात फिरला आहे. पाठवणाऱ्या काकांनी स्वतः काही पाहिलेलं नाही, एवढं त्यावरून पक्कं. मग व्हिडिओ थांबवत थांबवत तीन-चार चित्रं काढा : अगदी सुरुवातीचं, स्फोटाच्या क्षणाचं, आणि ज्यात पाटी, इमारत किंवा गाडी स्पष्ट दिसते ते. वरची-खालची मजकुराची पट्टी आणि वाहिनीचं चिन्ह कापून टाका. बरेच जण इथेच चुकतात. पट्टी ठेवली की शोधयंत्र चित्राऐवजी त्या अक्षरांच्या मागे लागतं आणि तोच खोटा दावा करणारी शंभर पानं पुढे आणून ठेवतं. कापलेली चित्रं गूगल लेन्समध्ये टाका, तिथे काही मिळालं नाही तर यांडेक्स या रशियन शोधयंत्रात. मिळालेल्यांपैकी सर्वांत जुनी तारीख शोधा. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं म्हणून मे २०२५ मध्ये फिरलेला एक व्हिडिओ खरं तर ३१ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात कोसळलेल्या विमानाचा होता. जुनी तारीख सापडली की विषय संपला. मात्र काहीच सापडलं नाही म्हणजे व्हिडिओ खरा ठरला, असं नाही.

रस्ता दिसत असेल तर गाड्या कुठल्या बाजूने चालल्यात ते बघा. भारत आणि पाकिस्तान, दोन्हीकडे वाहतूक डावीकडून चालते. युक्रेन, सीरिया, लेबनॉन, इस्रायल इथे उजवीकडून. ‘जम्मूवरचा हल्ला’ म्हणून आलेल्या चित्रात गाड्या उजवीकडून धावत असतील, तर ते जम्मू नाही. फक्त पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसत नाहीत ना, हे पाहून घ्या; शोधयंत्राला चकवायला व्हिडिओ आरशासारखा उलटवून टाकतात.

आवाज ऐका. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे किलोमीटरला तीन सेकंद. क्षितिजावर लोळ उठतो आणि त्याच क्षणी धमाका ऐकू येतो, तेव्हा आवाज मागून चिकटवलेला असण्याची शक्यता मोठी. ‘आर्मा ३’ या संगणकावरच्या युद्धखेळातली दृश्यं तर प्रत्येक युद्धात खरी म्हणून फिरतात. तो खेळ बनवणाऱ्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या चेक कंपनीनेच २०२२ मध्ये ती ओळखायच्या खुणा जाहीर केल्या : चित्र मुद्दाम धूसर, कॅमेरा हलता, प्रसंग बहुधा रात्रीचा, आवाज नाही, आणि चित्रात हालचाल करणारी माणसं जवळपास नाहीतच.

बोलणाऱ्या माणसाचा व्हिडिओ असेल तर ओठ बघा. प, ब, म म्हणताना ओठ मिटलेच पाहिजेत, मग भाषा कुठलीही असो. पाकिस्तानी सेनेचे प्रवक्ते दोन विमानं गमावल्याची कबुली देत आहेत, असा बनावट व्हिडिओ त्या आठवड्यात आपल्याकडे भरपूर पाहिला गेला. पण एवढ्यावर विसंबू नका, बनावट दिवसेंदिवस सफाईदार होत चालली आहे. त्या माणसाची मूळ, पूर्ण पत्रकार परिषद शोधा आणि तीच खुर्ची, तोच सदरा, तेच झेंडे जुळवून पाहा.

फाइलच्या माहितीत दिसणाऱ्या तारखेचा उपयोग नाही. व्हॉट्सअॅपवरून येताना मूळ नोंदी पुसल्या जातात आणि उरते ती तुम्ही उतरवून घेतल्याची तारीख. परदेशी संकेतस्थळावर ‘यूटीसी’, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असेल तर भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. हे विसरल्यामुळे रात्री दीडची घटना आदल्या दिवशीची धरली जाते आणि मग ‘हल्ल्याच्या आधीच व्हिडिओ आला’ असे नवेच तर्क सुरू होतात.

प्रश्न : पीआयबी फॅक्ट चेकने ‘खोटं’ म्हटलं की विषय संपला असं मानावं का? (नाशिक)

पुरावा दिला असेल तर हो. मे २०२५ मध्ये गुजरातच्या हजीरा बंदरावर हल्ला झाल्याचा एक व्हिडिओ फिरला. पीआयबीने, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाने, सांगितलं की तो जुलै २०२१ मधल्या तेलवाहू टँकरच्या स्फोटाचा आहे. हा खुलासा दमदार, कारण तारीख आणि घटना दिली आहे, ती आपली आपण पडताळता येते. नुसता लाल शिक्का मारलेला असेल, तर ते एका पक्षाचं म्हणणं समजावं. पीआयबी हा सरकारचाच विभाग आहे.

यावर मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आहे. केंद्राच्या कारभाराबद्दलचा कुठला मजकूर खोटा आहे हे केंद्राचाच तथ्य तपासणी कक्ष ठरवील, आणि समाजमाध्यम कंपनीने तो मजकूर ठेवला तर तिचं कायदेशीर संरक्षण जाईल, असा नियम २०२३ मध्ये आला. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी तो नियम घटनाबाह्य ठरवला. स्वतःच्याच खटल्यात सरकारने न्यायाधीश व्हायचं नाही, हे आम्हाला योग्य वाटतं. पीआयबीचे खुलासे आजही येतात आणि पुष्कळदा उपयोगी असतात. ते वाचा, फक्त खाली पुरावा जोडला आहे का ते बघा.

प्रश्न : केंद्राच्या एका कार्यालयाकडे माहिती अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला, अर्ज परत आला. सैन्याशी संबंधित कशालाच हा कायदा लागू नाही, असं एका परिचितांनी सांगितलं. खरं का? (कोल्हापूर)

तुमच्या परिचितांचा गैरसमज आहे. अर्ज परत येण्याचं कारण बहुधा तो स्टॅम्पच.

महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना कोर्ट फी स्टॅम्प चालतो. केंद्राच्या २०१२च्या नियमांत तो नाही. तिथे दहा रुपये रोख, डिमांड ड्राफ्ट, बँकर्स चेक किंवा भारतीय पोस्टल ऑर्डरने भरायचे. पोस्टल ऑर्डर संबंधित कार्यालयाच्या ‘अकाउंट्स ऑफिसर’च्या नावे काढा, नाव कोरं सोडू नका. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज केलात तर हा प्रश्नच येत नाही. शब्दांचंही बघा : केंद्राकडे साधारण ५०० शब्दांची मर्यादा आहे, आपल्या राज्यात १५० शब्द आणि एका अर्जात एकच विषय.

आता सैन्याबद्दल. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४खाली दुसऱ्या अनुसूचीत काही संस्था वगळल्या आहेत : गुप्तचर विभाग, रॉ, सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, डीआरडीओ वगैरे. भूदल, नौदल आणि वायुदल त्या यादीत नाहीत. वगळलेल्या संस्थांनाही भ्रष्टाचाराच्या आणि मानवी हक्क उल्लंघनाच्या आरोपांबाबतची माहिती नाकारता येत नाही. सैन्याला कायदा लागू आहे. नकार द्यायचा तर प्रत्येक वेळी कलम ८ मधलं कारण दाखवावं लागतं, बहुधा ८(१)(ए), म्हणजे देशाची सुरक्षा.

तो नकार येऊ नये असा अर्ज लिहिणं हे खरं कसब. ‘का’ विचारू नका, कागद मागा. ‘शहिदांच्या कुटुंबांना मदत वेळेवर का मिळत नाही?’ या प्रश्नावर ‘ही माहिती अभिलेखात उपलब्ध नाही’ असं उत्तर येईल आणि ते कायद्याला धरून असेल. त्याऐवजी असं लिहा : ‘१ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५ या काळात आलेल्या मदतीच्या अर्जांची संख्या, मंजूर झालेल्यांची संख्या, सहा महिन्यांहून अधिक प्रलंबित असलेल्यांची संख्या, आणि प्रलंबित अर्जांवरील शेवटच्या टिपणीची प्रत, नावं व खासगी तपशील झाकून.’ हा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे केलात तर देशाच्या सुरक्षेचं कारण दाखवायला जागाच उरत नाही. ‘झाकून’ हा शब्द मुद्दाम घाला. कलम १०प्रमाणे देण्याजोगा भाग वेगळा काढून द्यावा लागतो, आणि आपणच ते सुचवलं की पूर्ण अर्ज फेटाळणं अवघड होतं.

मुदत ३० दिवसांची. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी तो कलम ६(३)खाली पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. ‘आमच्याकडे नाही’ म्हणून परत पाठवणं चूक. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील. केंद्रात त्याला शुल्क नाही, महाराष्ट्रात २० रुपये. तिथेही समाधान झालं नाही तर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाने किती दिवसांत निकाल द्यावा याची मुदत कायद्यात नाही आणि तिथे फार वेळ जातो, म्हणून पहिलं अपीलच मन लावून लिहा. त्यात कलम ८(२) आवर्जून घाला : संरक्षित हितापेक्षा लोकहित मोठं असेल तर अपवादातली माहितीही देता येते. राफेल प्रकरणात १० एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, वृत्तपत्रात प्रसिद्ध झालेली संरक्षण मंत्रालयाची कागदपत्रं विचारात घेऊ नयेत ही सरकारची हरकत फेटाळली, तेव्हा याच कलमाचा आधार घेतला होता. माहितीची मागणी गोपनीयता कायद्याच्या, म्हणजे १९२३च्या ब्रिटिशकालीन कायद्याच्या, आड येत असेल तर कलम २२ प्रमाणे माहिती अधिकार वरचढ ठरतो.

प्रश्न : १९६२च्या पराभवाचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल अजून गुप्त का? त्यात आता असं काय उरलंय? (निवृत्त शिक्षिका, नागपूर)

कृष्ण मेनन यांच्यानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य तेव्हाचं. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी चौकशी केली. प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, नेतृत्वाची रचना, जवानांची शारीरिक क्षमता आणि सेनापतींचा वकूब, असे चौकशीचे विषय होते. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत निष्कर्षांचा गोषवारा सांगितला, अहवाल मात्र ठेवला नाही. युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं, चिनी सैन्य समोर होतं. त्या वेळी हा निर्णय समजण्यासारखा होता, आणि मंत्र्याने सभागृहात उभं राहून उणिवांबद्दल बोलणं हेही थोडं नव्हतं.

आज मात्र ती सबब चालू नये. पत्रकार कुलदीप नय्यर यांनी माहिती अधिकारात अहवाल मागितला, २००९ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने नकार कायम ठेवला. २०१० मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेला सांगितलं की त्यातला मजकूर आजही लष्करीदृष्ट्या उपयोगाचा आहे. २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी बराच भाग आपल्या संकेतस्थळावर टाकला. म्हणजे जगाने वाचलेला अहवाल भारत सरकारच्या लेखी अजून गुप्त आहे. अडचण कायद्यातच आहे. कलम ८(३) म्हणतं की २० वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती द्यावी, पण सुरक्षेचा अपवाद तिथेही कायम राहतो. त्यामुळे साठ वर्षांनंतरही नकार देता येतो. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धाचे अभिलेख साधारणपणे २५ वर्षांत खुले करण्याचं धोरण जाहीर केलं, ते चांगलं आहे, पण जुन्या अहवालांना ते आपोआप लागू होत नाही.

कारगिलचं उदाहरण समोर ठेवा. २९ जुलै १९९९ रोजी के. सुब्रह्मण्यम समिती नेमली, २३ फेब्रुवारी २००० रोजी तिचा अहवाल संसदेत आला. काही भाग झाकले होते, तरी गुप्तचर यंत्रणा कुठे कमी पडल्या हे देशाला कळलं. पुढे संरक्षण गुप्तवार्ता संस्था उभी राहिली, तांत्रिक गुप्तवार्ता गोळा करणारी एनटीआरओ आली, आणि फार उशिरा, २०२० साली, संरक्षण दलप्रमुखाचं पद. दोष उघड केले म्हणून सैन्याची मान खाली गेली नाही.

प्रश्न : इथे पार्लमेंट आहे, स्वतंत्र वृत्तपत्रं आहेत. तरी २००३ मध्ये इराकबद्दल एवढं मोठं खोटं कसं खपलं? (लंडन)

इराककडे महासंहारक शस्त्रं आहेत, हे ते खोटं. त्यात धादांत बनावट काय होतं आणि फुगवलेलं काय होतं, हे वेगळं केलं की यंत्रणा कशी चुकते ते दिसतं.

बनावट होती ती नायजरची कागदपत्रं. इराकने त्या देशातून युरेनियम घ्यायचं ठरवल्याचा हा पुरावा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या हाती ती पडली तेव्हा साध्या तपासणीत पितळ उघडं पडलं : एका पत्रावर तारीख २००० सालची आणि सही अशा परराष्ट्रमंत्र्याची, ज्याचं पद १९८९ मध्येच गेलं होतं. त्या संस्थेचे प्रमुख मोहम्मद एल्बरादेई यांनी ७ मार्च २००३ रोजी सुरक्षा परिषदेत ही कागदपत्रं अस्सल नाहीत असं सांगितलं. दोन आठवड्यांच्या आत बाँब पडायला लागले.

फुगवलेला होता तो इराकने मागवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांबद्दलचा दावा. ८१ मिलिमीटर व्यासाच्या. त्या युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांसाठी आहेत, असं सीआयएचं मत होतं. अमेरिकेच्याच ऊर्जा खात्यातल्या तज्ज्ञांचं, म्हणजे ज्यांनी अशी यंत्रं स्वतः हाताळली होती त्यांचं, मत वेगळं होतं : हे माप तोफखान्याच्या रॉकेटचं आहे. परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागानेही असहमती नोंदवली. ऑक्टोबर २००२च्या अहवालात ती असहमती होतीही. पण कागद वर वर जाताना ‘असावं’चं ‘आहे’ होत गेलं. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल सुरक्षा परिषदेत बोलले तेव्हा मतभेद असल्याचा उल्लेख त्यांनी केला, पण ऐकणाऱ्याच्या मनात उरली ती खात्री.

तुमच्याकडे ब्रिटिश सरकारच्या सप्टेंबर २००२च्या दस्तऐवजातला, इराक ४५ मिनिटांत अशी शस्त्रं वापरू शकतो, हा दावा असाच. तो रणांगणावरच्या, कमी पल्ल्याच्या शस्त्रांबद्दलचा होता. वृत्तपत्रांनी तो सायप्रसमधल्या ब्रिटिश तळांपर्यंत नेला आणि कुणी दुरुस्त केला नाही. इराक युद्धाच्या ब्रिटनमधल्या चिलकॉट चौकशीचे १२ खंड ६ जुलै २०१६ रोजी आले. शस्त्रांबद्दलचे निष्कर्ष जेवढ्या खात्रीने मांडले तेवढी खात्री पुराव्यात नव्हती, आणि शांततेचे मार्ग संपण्याआधीच ब्रिटन युद्धात उतरलं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. तोवर १७९ ब्रिटिश सैनिक आणि इराकमधले लाखावर लोक गेले होते.

पार्लमेंट असूनही हे का थांबलं नाही? एक कारण घाई. ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर दुसऱ्यांदा हल्ला झाल्याचं ४ तारखेला सांगितलं गेलं. खराब हवामानामुळे रडारवर भलतंच दिसलं असावं, पूर्ण तपासणी करा, असं नौकांवरच्या कमांडरने त्याच दिवशी कळवलं होतं. ७ तारखेला अमेरिकी काँग्रेसने अध्यक्षांना व्हिएतनाममध्ये लष्करी कारवाईची मोकळीक दिली : एका सभागृहात ४१६ विरुद्ध ०, दुसऱ्यात ८८ विरुद्ध २. तो हल्ला झालाच नव्हता. तीन दिवसांत मत मागितलं जातं तेव्हा विरोधी कागद कुणाच्या टेबलावर पोचलेलाच नसतो.

प्रश्न : सरकार मृतांचा आकडाच सांगत नसेल, तर खरा आकडा कधी कळतो का? (छत्रपती संभाजीनगर)

कळतो, पण फार कष्टाने. रशियाचं बघा. संरक्षणमंत्री सर्गेई शोईगू यांनी २१ सप्टेंबर २०२२ रोजी ५,९३७ हा आकडा सांगितला, त्यानंतर अधिकृत आकडा नाही. मार्च २०२२च्या कायद्याने सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवण्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि खोटी कुठली हे ठरवणार सरकारच. मॉस्कोतले एक नगरसेवक अलेक्सेई गोरिनोव यांनी परिषदेच्या बैठकीत युक्रेनमध्ये मुलं मरत असल्याचं म्हटलं. त्यांना सात वर्षं झाली.

मीडियाझोना हे स्वतंत्र रशियन वृत्तसंकेतस्थळ आणि बीबीसीच्या रशियन विभागाने मग नावं मोजायला घेतली. गावच्या शाळेने लावलेली स्मृतिपाटी, स्थानिक वृत्तपत्रातला निधनाचा मजकूर, नातेवाइकांच्या पोस्ट, दफनभूमीतल्या नव्या कबरींचे फोटो. नाव, जन्मतारीख आणि गाव जुळल्याशिवाय यादीत नोंद नाही. २०२५ मध्ये ही यादी एक लाख नावांपलीकडे गेली. हा किमान आकडा, कारण ज्यांच्यामागे रडणारं कुणी नाही त्यांची पोस्ट पडत नाही. म्हणून दुसरी वाट काढली : वारसा नोंदणी. माणूस गेला की घर, गाडी, बँकेतले पैसे नावावर करायला वारस अर्ज करतातच. तरुण पुरुषांच्या अशा प्रकरणांची संख्या युद्धाआधीच्या वर्षांशी ताडून पाहिली की जादा मृत्यू दिसतात.

आपल्याकडे करोनाच्या दुसऱ्या लाटेत पत्रकारांनी स्मशानातल्या नोंदी आणि मृत्यू दाखले मोजले, ती पद्धत हीच.

प्रश्न : सोसायटीच्या ग्रुपवर मी एका खोट्या व्हिडिओबद्दल लिहिलं तर मलाच देशद्रोही म्हटलं गेलं. ॲडमिनही घाबरून म्हणतो, ‘युद्धावर काही नको’. काय करावं? (ठाणे)

ॲडमिनना सांगा की सदस्याने टाकलेल्या मजकुराची जबाबदारी, सामायिक हेतू असल्याशिवाय, ॲडमिनवर येत नाही असा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१चा निकाल आहे. खोटी अफवा मुद्दाम पसरवणाऱ्याला मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तेव्हा खोटा व्हिडिओ दाखवून देणारा माणूस ग्रुपला वाचवतो आहे. चूक दाखवताना ‘तुम्ही खोटं पसरवताय’ असं लिहू नका. मूळ व्हिडिओचा दुवा आणि तारीख टाका, बस. शक्य असेल तर आधी त्या व्यक्तीला खासगीत पाठवा. स्वतःहून पुसायची संधी मिळाली की बहुतेक जण पुसतात.

सरकारकडून उत्तर हवं असेल तर ते ग्रुपवर मिळणार नाही. खासदारांना लेखी प्रश्न द्या. लोकसभेत दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न घेतले जातात, सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, प्रश्न १५० शब्दांच्या आत हवा. गुप्त स्वरूपाची बाब विचारता येत नाही, म्हणून तैनाती किंवा शस्त्रसाठा विचारू नका. खर्च, नुकसानभरपाई, चौकशी समितीची नेमणूक, तिच्या अहवालाची तारीख विचारा. अतारांकित प्रश्न मागितलात तर लेखी उत्तर मिळतं आणि ते संसदेच्या संकेतस्थळावर कायम राहतं. उत्तरात ‘माहिती गोळा केली जात आहे व सभागृहासमोर ठेवली जाईल’ असं वाक्य असेल, तर ते आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करावं लागतं. त्यावर लक्ष ठेवायला सभागृहाची स्वतंत्र समिती आहे. तारीख लिहून ठेवा, आणि तीन महिने उलटले की प्रश्नाचा क्रमांक घेऊन खासदारांच्या कार्यालयात पुन्हा जा.